जर्मनीला मास्टर्सला चाललेय, सेफ्टीसाठी इथूनच काय काय करून ठेवू?

मांजलपूरची_मुलगी
नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, एमएसयूच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीतून म्हणजे आपल्या कलाभवनातून केमिकल केलंय आणि आता जर्मनीत माग्डेबुर्गला मास्टर्सला ॲडमिशन मिळालीये, ऑक्टोबरला सुरू होतंय म्हणजे ह्या वर्षीचा गरबा गेला हातचा, असो. एपीएस सर्टिफिकेट (इथल्या डिग्रीची जर्मनीसाठीची पडताळणी) झालंय, व्हिसाची तयारी चालू आहे. प्रश्न असा की ज्याला विचारावं तो बॅगेत किती किलो आणि कुठला कुकर घ्यायचा तेच सांगतो, आणि घरचे वेगळ्याच टेन्शनमध्ये आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये माग्डेबुर्गच्या ख्रिसमस मार्केटमध्ये एकाने गर्दीत गाडी घातली होती ती बातमी आईने शोधून काढलीये, त्यात काही भारतीय पण जखमी झाले होते, त्यामुळे ती रोज रात्री तो विषय काढते. मावशी म्हणते पेपर स्प्रे घे. आजीने तर परकराला आतून खिसा शिवून देणार म्हणून जाहीरच करून टाकलंय (मी परकर घालत नाही हा मुद्दा तिला पटत नाही). मला खरंच कळत नाहीये की कशाला घाबरायचं आणि कशाला नाही. जे आधी गेलेत त्यांनी प्लीज सांगा, जायच्या आधी इथूनच कुठल्या गोष्टी करून ठेवल्या तर तिथे अडचण येत नाही? मुलगी म्हणून वेगळं काही असेल तर ते पण.

वाडीचा_वाघ
सगळ्यात आधी हे सांग की फाइल कोणी टाकली? स्वतः की अलकापुरीतल्या कुठल्या एजंटने? सेफ्टी तिथूनच सुरू होते बाकी पेपर स्प्रे वगैरे नंतर.

मांजलपूरची_मुलगी
ॲडमिशनचं मी स्वतःच केलं, युनि-असिस्टवरून (जर्मन युनिव्हर्सिट्यांचे अर्ज घेणारं पोर्टल). पण आता एका कन्सल्टन्टकडे बाबा घेऊन गेले होते कारण बाबांच्या ऑफिसातल्या कोणाच्या तरी मुलाचं त्यांनी केलंय. ते म्हणतात रूम, ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं), इन्शुरन्स, तिकीट सगळं एकत्र पॅकेजमध्ये करून देतो, फक्त युनिव्हर्सिटीचा लॉगिन आणि ईमेलचा पासवर्ड द्या म्हणजे तुम्हाला काही बघायलाच नको. बाबांना ते फार आवडलंय, काही बघायलाच नको हे.

वाडीचा_वाघ
नको देऊस. बास. माझं एवढंच.

हॅनोवरचा_बडोदेकर
वाघ बरोबर बोलतोय पण का ते नीट सांगतो कारण तुझ्या बाबांना पटवायचं आहे तुला. मी मूळचा दांडिया बझारचा, काही वर्षं झाली इकडे आहे, मास्टर्स संपवून आता नोकरी.

पासवर्ड दिला की युनिव्हर्सिटीची, इन्शुरन्सवाल्यांची, व्हिसा ऑफिसची सगळी मेल आधी त्या ऑफिसात बसलेला कोणीतरी मुलगा वाचणार आणि त्याला वाटलं तर तुला कळवणार. कुठलं पत्र जोडलं, फॉर्ममध्ये काय भरलं, हे तुला माहितीच नसणार आणि खाली सही मात्र तुझी. कॅनडाचं प्रकरण आठवत असेल बाबांना, २०२३ मध्ये बातम्यांत होतं, शेकडो भारतीय मुलांची ॲडमिशन लेटर्स खोटी निघाली आणि मुलं तिथे जाऊन शिकून नोकरीला लागल्यावर त्यांना डिपोर्ट करायच्या नोटिसा आल्या, त्यातल्या बऱ्याच जणांना स्वतःलाच माहिती नव्हतं की एजंटने काय जोडलंय. त्यानंतर कॅनडाने १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक ॲडमिशन लेटर कॉलेजकडून थेट तपासून घ्यायला सुरुवात केली. खोटा कागद सापडला तर कॅनडा पाच वर्षं आणि यूके दहा वर्षं बंदी घालू शकतं, आणि ती बंदी एजंटवर नसते, तुझ्यावर असते. कन्सल्टन्टला फी देऊन सल्ला घे हवा तर, पण ईमेल, पासपोर्ट आणि सही ह्या तीन गोष्टी त्यांच्या टेबलवर सोडून यायच्या नाहीत.

आता इन्शुरन्स, कारण पॅकेजवाले इथेच खेळतात. तीस वर्षांच्या आतला स्टुडंट असशील तर इकडे सरकारी हेल्थ इन्शुरन्स मिळतो, टेकनिकर, एओके वगैरे. पॅकेजमध्ये स्वस्तातला प्रायव्हेट चिकटवतात. तो घेऊन तू सरकारीतून सूट मागितलीस तर शिक्षण संपेपर्यंत परत सरकारीत येता येत नाही, हा नियम आहे, आणि त्या स्वस्त पॉलिसीत काय कव्हर नाही ते दाढ दुखायला लागली की कळतं. इथून निघताना फक्त सुरुवातीच्या दिवसांपुरता ट्रॅव्हल इन्शुरन्स घे, युनिव्हर्सिटीत नाव नोंदताना सरकारी चालू होईल. आणि दात, चष्मा हे सगळं बडोद्यातच उरकून ये, जास्तीचा एक चष्मा बनवून आण.

ब्लॉक्ड अकाउंट तर अर्ध्या तासाचं ऑनलाइन काम आहे त्यासाठी कोणी कशाला लागतं. वर्षाचे ११,९०४ युरो टाकायचे, महिन्याला ९९२ हातात येतात. कोणी म्हणालं की ते पैसे आम्ही टाकतो तू तिकडे गेल्यावर हळूहळू परत कर तर तिथून उठून ये. त्या ९९२ मध्ये भाडं, खाणं, इन्शुरन्स सगळं बसवायचं असतं, त्यातून हप्ता दिलास की तू पहिल्याच महिन्यात रोख पैशाची कच्ची कामं शोधत फिरणार, आणि इकडे नोंद न करता रोखीत काम करणं बेकायदेशीर आहे, पकडलं तर व्हिसावर येतं. कायदेशीर मर्यादा वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, ती भरपूर आहे.

रूमबद्दल वेगळं लिहितो, ते सगळ्यात महत्त्वाचं. आत्ता मीटिंग आहे.

कारेलीबागच्या_काकू
अगं बाळा आधी तुझं अभिनंदन! माझा मुलगा कॅनडात आहे, आता दुसरं वर्ष. आईचं टेन्शन मला कळतं. पण मी तुला सांगते ते तुझ्यासाठी कमी आणि तुझ्या आईबाबांसाठी जास्त आहे, त्यांना हे वाचायला दे.

मुलगा गेल्यानंतर दुपारी, इथली दुपार हं, म्हणजे तिकडे मध्यरात्र असते आणि मुलाचा फोन सायलेंट असतो, मला व्हॉट्सॲपवर फोन आला, डीपीत पोलिसाचा फोटो, म्हणे तुमचा मुलगा ड्रग्जच्या केसमध्ये पकडलाय, आणि मागे कोणीतरी रडतंय मम्मी मम्मी करून. आमच्याकडे आई म्हणतात, मम्मी नाही, तेवढ्यानेच माझ्या डोक्यात लाइट लागली नाहीतर मी तर पर्स घेऊन बँकेत जायला निघालेच होते. ह्यांनी फोन हिसकावून कट केला. मग मुलाच्या रूममेटला फोन लावला तर तो म्हणाला काकू तो इथेच झोपलाय घोरतोय.

तर तू जायच्या आधी घरात एक खूण ठरवून ठेव, असा प्रश्न की ज्याचं उत्तर फक्त तुमच्या घरातच माहिती. आणि तिथे पोचलीस की रूममेटचा, घरमालकाचा, डिपार्टमेंटच्या ऑफिसचा असे दोनतीन नंबर आईला दे. नुसते तिच्या मोबाईलमध्ये नको, कागदावर लिहून फ्रिजवर लावायला सांग. हल्ली आवाज पण हुबेहूब बनवतात म्हणे. आणि असा फोन आला तर १९३० ला कळवायचं, सायबर हेल्पलाइन आहे आपली.

अजून एक. रोज रात्री फोन केलाच पाहिजे असं कबूल करून जाऊ नकोस. एक दिवस लॅबमध्ये उशीर झाला की इथे रडारड सुरू होते. आम्ही ठरवलंय की सकाळी उठला की एक अंगठा पाठवायचा फॅमिली ग्रुपवर, बास, बोलायचं रविवारी. चोवीस तास अंगठा नाही आला तर मग रूममेटला फोन.

रावपुऱ्याचे_काका
बेटा, मी बँकेतून रिटायर झालेला माणूस, त्यामुळे पैशाचं बोलतो. तसं बडोद्यातून परदेशी शिकायला जाणं काही नवीन नाही, १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या स्कॉलरशिपवर आंबेडकर बडोदा संस्थानाकडून कोलंबिया युनिव्हर्सिटीला गेले, परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची असा करारही होता. म्हणजे पैसे कुठून आले आणि त्याच्या बदल्यात काय लिहून दिलं हा प्रश्न तेव्हाही होता.

पहिली गोष्ट, तुमचा इथला मोबाईल नंबर मरू देऊ नका. मुलं जातात, तिकडचं सिम घेतात, इथलं रिचार्ज करायचं राहून जातं, काही महिन्यांनी नंबर बंद आणि पुढे दुसऱ्याच कोणाला मिळतो, आणि बँकेचा ओटीपी, आधार, डिजिलॉकर, पॅन सगळं त्याच नंबरवर. मग बाबा इकडे ब्रँचमध्ये खेटे घालतात आणि ब्रँचवाले म्हणतात खातेदाराला घेऊन या. निघायच्या आधी इंटरनॅशनल रोमिंग चालू करून रिचार्ज कोण करणार ते घरात ठरवा, आणि तुमच्या खात्यावर आईचं किंवा बाबांचं नाव जोडून ठेवा.

दुसरं टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर. ब्लॉक्डचे पैसे आजच्या भावाने दहा लाखाच्या वर जातात. एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात दहा लाखापर्यंत टीसीएस लागत नाही आणि बँकेच्या एज्युकेशन लोनमधून पैसे गेले तर त्याच्या वरही लागत नाही. लागलाच तर तो बुडत नाही, ज्याच्या पॅनवर कापला त्याच्या रिटर्नमध्ये दाखवून परत मिळतो, त्यामुळे "टीसीएस वाचवून देतो, माझ्या मार्गाने पैसे पाठवा" म्हणणाऱ्या माणसाला चहा पाजून निरोप द्या. पैसे बँकेतूनच जाऊ देत, पावती जपा.

नोटा जास्त नेऊ नका. परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासाला ३००० डॉलरच्या किमतीइतक्याच नेता येतात, आणि तेवढ्याही कशाला, थोडे युरो आणि दोन कार्डं, एक पाकिटात एक बॅगेत. आजीच्या खिशाची कल्पना अगदीच टाकाऊ नाही, जीन्सच्या आतून शिवून घ्या.

लेस्टरवाली
मी यूकेत आहे त्यामुळे जर्मनीचे नियम नाही सांगत पण एक गोष्ट सगळीकडे सेम आहे ती कोणी लिहिली नाही अजून. तुझं बँक अकाउंट उघडलं की काही आठवड्यांत कोणीतरी, आणि बऱ्याचदा आपलाच देशी, गोड बोलणारा, पार्टीत भेटलेला, म्हणेल की माझं अकाउंट जरा ब्लॉक झालंय तुझ्यात थोडे पैसे येतील ते पुढे पाठव, तुला इतके इतके ठेव. किंवा इन्स्टावर जॉब म्हणून येतं, पेमेंट प्रोसेसिंग वगैरे. तो चोरीचा पैसा असतो आणि तो तुझ्या नावावरून गेला की मनी लाँडरिंग तुझ्यावर. यूकेत त्याला जास्तीत जास्त शिक्षा १४ वर्षं आहे. जेल लांब राहिली, नुसतं अकाउंट बंद झालं आणि नावावर फ्रॉडचा शेरा बसला तरी भाडं कशातून देणार, पगार कुठे घेणार. आपण मराठी मुली नाही म्हणायला लाजतो ग, ओळखीतला आहे, त्याला काय वाटेल. वाटू दे.

दुसरं म्हणजे फोन. इकडे होम ऑफिसच्या (व्हिसा बघणारं इथलं सरकारी खातं) नावाने फोन येतात की तुमच्या व्हिसात चूक आहे आत्ता फाइन भरा नाहीतर डिपोर्ट. तिकडे पोलीस किंवा कस्टम्सच्या नावाने येत असतील, कधी आपल्याच एम्बसीचं नाव सांगतात. फोनवर फाइन कुठलंच सरकार मागत नाही.

आणि आईला सांग की ख्रिसमस मार्केटची भीती मी समजू शकते, पण आपली मुलं खरी कशाने गेली ते बघ. एप्रिल २०२४ मध्ये स्कॉटलंडला लिन ऑफ टमेल म्हणून जागा आहे तिथे ट्रेकला गेलेले दोन भारतीय स्टुडंट पाण्यात गेले. त्याच वर्षी जूनमध्ये रशियात व्होल्खोव नदीत चार भारतीय मुलं, बरीचशी जळगावकडची, मेडिकलची. उन्हाळ्याचा छान दिवस, मित्रमैत्रिणी, फोटो. आपल्याला वाटतं पाणी शांत आहे, आणि तिथलं पाणी उन्हाळ्यात पण इतकं थंड असतं की श्वासच अडकतो, हात चालत नाहीत, पोहता येत असलं तरी. तुमच्या माग्डेबुर्गला एल्ब नदी आहे ना.

हॅनोवरचा_बडोदेकर
लेस्टरवालीला शंभर टक्के अनुमोदन. एल्बमध्ये बार्ज चालतात, वरून काही वाटत नाही पण खाली ओढ भयंकर असते. तळ्यावर जायचं तर जिथे लाइफगार्ड आहे तिथेच. सायकलचं पण सांगून ठेवतो, ट्रामच्या रुळात चाक अडकून पडणारा दर हिवाळ्यात एक तरी असतो, रूळ ओलांडताना आडवं जायचं. लाइट नसलेली सायकल रात्री चालवायची नाही, आणि हातात फोन धरून चालवलीस तर ५५ युरो दंड. हेल्मेट सक्तीचं नाही पण घे.

मुलगी म्हणून विचारलंस तर खरं सांगतो, रात्री उशिरा ट्रामने घरी येणं इथे माझ्या मैत्रिणींना नॉर्मल वाटतं, बडोद्यात नवरात्रीत रात्री दोन वाजता स्कूटीवर येता तसंच. पण पूर्वेकडच्या शहरांत कधीकधी स्टेशनजवळ दारू पिऊन बसलेले लोक काहीतरी ओरडतात, परदेशी दिसलं की, हे मी गोड करून सांगणार नाही. उत्तर द्यायचं नाही, डबा बदलायचा, ड्रायव्हरजवळ बसायचं. हात लावला, पाठलाग केला तर ११०, पोलीस. ११२ म्हणजे ॲम्ब्युलन्स आणि फायर. ११६११७ हा रात्री-सुट्टीच्या दिवशी डॉक्टर हवा पण जिवावरचं नाही अशा वेळचा, तो कोणी नव्या मुलांना सांगतच नाही आणि मग साध्या तापाला इमर्जन्सीत जाऊन पाच तास बसतात. बायकांसाठी ११६०१६ आहे, चोवीस तास, फुकट, इंग्रजीत पण बोलतात, आणि ते फक्त नवऱ्याने मारलेल्यांसाठी नाही, कोणी त्रास देतोय, मेसेज करून छळतोय, अगदी ओळखीतला, सुपरवायझर, कोणीही, तरी चालतं. हे चारही आत्ता फोनमध्ये टाक.

परदेशात अडचणीत आलेल्या भारतीयांसाठी मदद पोर्टल आहे परराष्ट्र मंत्रालयाचं, २०१५ पासून, त्यावर स्टुडंट म्हणून नोंदणी कर. तुझं शहर बर्लिनच्या एम्बसीकडे येतं. ही नोंदणी फालतू वाटते पण २०२२ मध्ये युक्रेनमधून ऑपरेशन गंगा करून हजारो मुलं आणली तेव्हा कोण कुठल्या शहरात आहे हेच एम्बसीला आधी हवं होतं.

पेपर स्प्रे विमानात चालत नाही, हँडबॅगेत नाही आणि चेक-इनमध्ये पण नाही. मावशीला तसं सांग, विषय संपेल.

मांजलपूरची_मुलगी
बापरे एवढं सगळं, खूप खूप थँक्यू सगळ्यांना! काकूंचं आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली ह्या बाईंना भेटायला हवं. बाबांनी कॅनडाचं वाचून "हं" केलं, आमच्याकडे हं म्हणजे अर्धं काम झालं.

आता रूमचं. हॅनोवरदादा तू लिहितो म्हणालेलास त्याच्या आतच मला एक मिळालीये असं वाटतंय! फेसबुकच्या ग्रुपवर होती, एका बाईंची, युनिव्हर्सिटीपासून चालत दहा मिनिटं, पूर्ण फर्निश्ड, फोटो इतके सुंदर आहेत, भाडं २८० सगळं धरून. त्यांनी लिहिलंय की त्या सध्या कामासाठी स्पेनमध्ये आहेत त्यामुळे दाखवता येणार नाही, पण दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिट पाठवलं की किल्ली कुरियरने पाठवतील, आणि आवडली नाही तर पैसे परत. पासपोर्टची कॉपी पण पाठवलीये त्यांनी स्वतःची, आणि माझी मागितलीये. खूप जण मागे आहेत म्हणे, उद्यापर्यंत सांगायचंय.

वाडीचा_वाघ
अगं नाही

लेस्टरवाली
नाही नाही नाही. पासपोर्ट पाठवलास का??

मांजलपूरची_मुलगी
नाही अजून, म्हणून तर विचारलं. पण त्यांनी स्वतःचा पाठवलाय ना?

हॅनोवरचा_बडोदेकर
तो पासपोर्ट तुझ्यासारख्याच कोणीतरी दुसऱ्या घरमालकाला म्हणून पाठवलेला असणार. आता तुझा गेला की पुढच्या मुलीला तुझा जाईल.

हा मेसेज मी इतक्या जणांकडून वाचलाय की शब्द पाठ आहेत, देश फक्त बदलतो, कधी स्पेन, कधी इंग्लंड, कधी बाई मिशनरी असते. मालक परदेशात, किल्ली कुरियरने, भाडं बाजारापेक्षा कमी, उद्याच सांगा. त्यातले फोटो गूगलच्या इमेज सर्चमध्ये टाकून उलटे शोधून बघ, बहुतेक कुठल्यातरी हॉटेलचे नाहीतर दुसऱ्याच शहरातल्या फ्लॅटचे निघतील. ब्लॉक कर आणि ग्रुपच्या ॲडमिनला कळव.

आता रूम कशी शोधायची. ॲडमिशन आली त्याच दिवशी स्टुडिएरेंडेनवेर्क, म्हणजे स्टुडंट हॉस्टेलं चालवणारी सरकारी संस्था, तिथे अर्ज टाकायचा असतो, नसशील टाकलास तर हे वाचून झालं की लगेच टाक. माग्डेबुर्ग हे म्युनिक-बर्लिनसारखं नाही, इथे रूम मिळणं सोपं जातं, त्यामुळे घाबरून कुठलंही पकडायची गरज नाही. अर्ज करताना तिथल्या इंडियन स्टुडंट्सच्या ग्रुपमध्ये विचार, सेमिस्टर संपवून जाणारे त्यांची रूम पुढे देतात, आणि कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन व्हिडिओ कॉलवर दार उघडून दाखवू शकतो. मालकालाच सांगायचं की खिडकीतून बाहेर रस्ता दाखवा आणि त्या गल्लीचं नाव दाखवा, खोटा माणूस तिथेच गायब होतो.

डिपॉझिटला कायद्याने मर्यादा आहे, बिनखर्ची भाडं म्हणजे हीटिंग-पाणी सोडून जे मूळ भाडं असतं त्याच्या तिप्पट, त्याच्या वर कोणी मागू शकत नाही आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा तुला हक्क आहे. सही केलेलं काँट्रॅक्ट हातात आल्याशिवाय एक युरो नाही. आणि एक प्रश्न सगळ्यांना विचारायचा, आन्मेल्डुंग होईल का? म्हणजे तो पत्ता तू सरकारी ऑफिसात नोंदवू शकतेस का, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती नोंदणी करायची असते आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. ती नोंदणी नाही तर पुढे टॅक्स नंबर, रेसिडन्स परमिट सगळंच लटकतं. जो म्हणतो राहा पण आन्मेल्डुंग नको, त्याच्याकडे काहीतरी लपवण्यासारखं आहे. सुरुवातीला हॉस्टेलची रूम लगेच नाही मिळाली तर यूथ हॉस्टेल किंवा कोणा सीनियरकडे राहायचं आणि तिथे असताना स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्यायचं. जास्त खर्च होतो थोडा, होऊ दे.

रावपुऱ्याचे_काका
बेटा, एक विचारतो, ह्या बाईंनी पैसे कुठल्या पद्धतीने मागितले होते?

मांजलपूरची_मुलगी
काका ते आत्ता बघितलं, खातं त्यांच्या नावावर नाहीच आहे आणि बँक जर्मनीची पण नाही. केलं ब्लॉक. फोटो पण उलटे शोधले, एक लिस्बनच्या कुठल्यातरी हॉलिडे फ्लॅटचा निघाला 😐 हॉस्टेलचा अर्ज टाकलाय आत्ताच.

कारेलीबागच्या_काकू
शाबास. पासपोर्ट गेला नाही ते बरं झालं हं.

औषधांचं राहिलं कोणाचं लिहायचं. आपल्या डॉक्टरकडून इंग्रजीत चिठ्ठी टाइप करून घे, त्यात औषधाचं कंपनीचं नाव नको, आतल्या द्रव्याचं नाव हवं, आणि पाकिटातून काढून डबीत भरू नकोस. थायरॉइड, दमा, पाळीच्या गोळ्या काही चालू असेल तर. लसीकरणाचं लहानपणचं कार्ड शोधून ठेव, गोवर-गालगुंडाची नोंद बघ, आमच्याकडे ते पिवळं पडलेलं कार्ड शोधायला आख्खं कपाट काढलं होतं.

आणि सगळ्यांकडून एक राहतंय, मन. माझा मुलगा पहिल्या हिवाळ्यात फोनवर "मी ठीक आहे" इतकंच बोलायला लागला, तोच मुलगा ज्याला गप्प बसवावं लागायचं. दुपारी चारला अंधार पडतो म्हणे. त्याने मग कॉलेजच्या कौन्सेलरकडे जाऊन बोलायला सुरुवात केली, तिथे त्याला लाज वाटली नाही, आम्हाला इथे थोडी वाटली, आता नाही वाटत.

हॅनोवरचा_बडोदेकर
काकू एकदम बरोबर. इथे स्टुडिएरेंडेनवेर्ककडेच फुकट कौन्सेलिंग असतं, इंग्रजीतही मिळतं, पण डिसेंबरमध्ये अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो म्हणून नोव्हेंबरात थोडं जरी उदास वाटायला लागलं तरी नाव नोंदवून टाकायचं. औषधं स्वतःपुरती साधारण तीन महिन्यांची आणता येतात. त्याच्या वर आणू नकोस, मैत्रिणींसाठी तर अजिबात नाही. विमानतळावर कोणी म्हणालं माझी बॅग जड झालीये एवढं पार्सल तुझ्यात टाक, तर कितीही म्हातारी आजी असली तरी नाही म्हणायचं.

रेसिडन्स परमिटची अपॉइंटमेंट व्हिसा संपायच्या बऱ्याच आधी मागायची, तारखा मिळत नाहीत. ईमेल पाठवलास त्याची कॉपी ठेव.

मांजलपूरची_मुलगी
हो दादा. शेवटचा प्रश्न, हा सेफ्टीचा नाही पण आजीचा आहे. तूप आणि पेढे नेता येतील का? ती दुलीरामचे पेढे आणायला निघालीच आहे.

हॅनोवरचा_बडोदेकर
तूप, पेढे, श्रीखंड काहीच नाही, बाहेरून युरोपियन युनियनमध्ये दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टम्सने बॅग उघडली तर कचऱ्यात जातात आणि दंड वेगळा. तूप इथे सुपरमार्केटमध्ये बुटरश्माल्त्स नावाने मिळतं, चालतं फोडणीला. जगदीशची भाकरवडी आण, दोन पाकिटं जास्त आण आणि हॅनोवरहून माग्डेबुर्ग ट्रेनने फार लांब नाहीये हे लक्षात ठेव.

वाडीचा_वाघ
लीलो चेवडो पण. आणि बाबांना सांग कन्सल्टन्टला फोन करून पॅकेज कॅन्सल म्हणून सांगा, टोकन दिलं असेल तर पावती मागा.

मांजलपूरची_मुलगी
टोकन दिलंय 🙈 बाबा उद्या जाणार आहेत, पावती मागायला लावते.